शेरा

मंद्रूपहून आलेली सत्तावन्न रजिस्टरं,
वाळवी झटकून माझ्या टेबलावर ठेवलेली.
काम सोपं आहे: तारीख, आकडा, पुढची ओळ.
शेऱ्याचा रकाना सोडून द्या, साहेब म्हणाले,
संगणकात त्याला जागा नाही.

सुरुवातीचे आकडे इंच आणि सेंटातले,
गुरुपादय्या हिरेमठांच्या टाकाचे.
मराठी अक्षरांना कन्नड वळण, जिलबीसारखं.
रोज सकाळी साडेआठ.
दोन थेंब पडले तरी
‘मोजण्याजोगा नाही’ म्हणून नोंदलेले.
पूर्वा: चौदा सेंट, अकरा, निरंक, नऊ.
उत्तरा तशीच रेंगाळत.
हस्ताच्या एका पहाटे, शेऱ्यात:
‘रात्रभर बारीक. परवा वाफसा येईल. पेरा धरावा.’
(सोडून द्यायचं होतं. वाचलं.)

मग हात बदलतो. मिलिमीटर येतात, बॉलपेन येतं,
आणि निरंक. निरंक. निरंक.
शून्याच्या कळीवर माझं बोट पेंगतं.
एकवीस ओळींखाली एकदम
एकशे अठ्ठ्याऐंशी.
वाटलं, दशांशचिन्ह राहिलं असेल.
शेऱ्यात होतं:
‘बाटली भरून वर गेली. पुढचं मोजता आलं नाही.’

वर्षाची बेरीज काढली. जवळपास तीच.
साहेब खूश. बघा, म्हणाले, सरासरी जागेवर आहे.

आमचे नायना, पूर्व भागातल्या मागावर,
चादर तागडीत टाकायच्या आधी
दारातल्या उजेडाकडे धरायचे.
वजनाला भुलायचं नाही, म्हणायचे,
सूत सगळं एका कोपऱ्यात गोळा झालं असेल
तर वजन भरतं,
अंग उघडं राहतं.

शेवटच्या रजिस्टरात एक पान कोरं आहे.
त्या रात्री सीना पुलाच्या कठड्याला टेकली होती,
पर्जन्यमापक कुंपणासकट गेला
आणि नोंद घेणारा गंगाराम दुधाळ
शाळेच्या गच्चीवर, दोन शेरडांसोबत.
तिथून काय मोजणार तो?

संगणक कोरी जागा घेत नाही.
लाल चौकट दाखवतो:
आकडा भरा, नसल्यास शून्य.

म्हणजे सगळ्यात मोठा पाऊस
पडलाच नाही म्हणायचं.

ऑफिस रिकामं झालंय. पंखा बंद केला कुणीतरी.
मी उजवीकडे एक रकाना वाढवलाय,
नाव दिलंय, शेरा.
गंगारामचा नंबर लागत नाहीये.
शून्य टाकलेलं नाही.
अजून तरी.