चोवीसशे

रे रोडला, भंगाराच्या गल्लीत, तिसऱ्या शटरमागे
हेरंब धुरंधर बॉनेटवर कॅटलॉग उघडतो,
बोट ठेवतो : स्टॉल, साडेतीन हजार.
म्हणतो, मिस्त्री, हाच कन्व्हर्टर बसवा.

तौसिफला स्टॉल म्हटलं की उसाचा रस आठवतो.
त्याला मी दोन टेबलफॅन समोरासमोर मांडून दाखवले होते,
पिन एकाचीच लावलेली.
दुसरा आधी नुसता थरथरला,
मग आपसूक फिरायला लागला,
कुणी हात न लावता.
एवढंच असतं त्या पोलादी भोपळ्यात :
इंजिनाकडची पाती, चाकांकडची पाती,
मध्ये हवेऐवजी तेल.
एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं,
आणि मधल्या मध्ये थोडं सांडायचं.
ब्रेक गच्च दाबलाय, चाकं जागची हलत नाहीत,
तरी इंजिन कुठवर ओरडू शकतं,
तो आकडा म्हणजे स्टॉल.
तौसिफ म्हणाला, म्हणजे आमच्या घरी अब्बा.

धुरंधरने कॅमशाफ्ट बदललाय, शारजाहून मागवून.
आता इंजिन खालच्या पट्टीत बोलतच नाही.
उभ्या जागी लंगडतं,
डीमध्ये टाकलं की मान टाकतं,
बावीसशेच्या पुढे कुठे त्याला जाग येते.
कंपनीचा सोळाशेचा भोपळा त्याला पुरायचा नाही,
हे मलाही मान्य.
पण साडेतीन हजार?

वजन किती? मागचा रेशो? टायर केवढे?
तो पाठ करून आलाय, धडाधड सांगतो.
चालवणार कुठे?
इथे तो कॅटलॉग मिटतो.

सोमवार ते शुक्रवार गावदेवी ते माहीम,
केम्प्स कॉर्नर, हाजीअली, सगळे सिग्नल.
शनिवारी पहाटे पाच मिनिटं मोकळा रस्ता.
आणि मंगळवारी शालिनीकाकूंना जिमखान्यात,
ब्रिज खेळायला.

काकूंना मी ओळखतो. मागे बसतात, पर्स मांडीवर.
त्या म्हणतील, अरे, एवढा आरडाओरडा केलास
तर निदान पुढे तरी जा.
साडेतीन हजारवाल्याकडे याला उत्तर नाही.
त्याचं निम्मं ओरडणं तेलातच तापून संपतं.
कूलर लावा, मोठा कूलर लावा,
मे महिन्यात लालबागच्या पुलाखाली अर्धा तास अडका,
तेल करपतंच.
तो वास एकदा नाकात बसला
की रात्री डाळीच्या फोडणीलाही येतो.

खालचा आकडाही बरा नव्हे.
माझा पार्टनर अल्वारिस असा होता, सोळाशेचा.
मी बोलायच्या आत निघालेला.
थांबायचं म्हटलं की दोरीला हिसके देणारा बोकड.
पाच वर्षं मी नुसता ब्रेक दाबून बसलो.
दोहाला गेला. त्याचे पाने अजून डाव्या भिंतीवर आहेत,
धुरंधरने मघाशी त्यातलाच एक उचलला,
मी ठेव म्हणालो.

चोवीसशे घातला.

रात्री साडेअकरा, शिवडीकडचा पोर्टाचा रस्ता,
ट्रेलर एकामागे एक झोपलेले.
डावा पाय ब्रेकवर, उजवा तळाशी,
आणि मी बाजूला बसून मोजतोय,
कारण पाचाच्या वर धरायचं नसतं.
एक. दोन.
गाडी जागच्या जागी कणा ताठ करते.
काटा चढतो, थरथरतो, थांबतो.
मिस्त्री, हे तर सव्वीसशे!
तो फसवल्यासारखा बघतो माझ्याकडे.

आता याला कसं सांगू,
की आकडा एकट्या भोपळ्याचा नसतोच.
सांगणारा किती जोर लावतो, त्यावरही असतो.
हेच इंजिन जुन्या कॅमचं असतं
तर याच भोपळ्यावर कमी भरलं असतं.

चार, मी म्हणतो. सोडा.

तो दोन्ही पाय उचलतो.
गाडी क्षणभर काहीच करत नाही,
मग कुणीही न सांगता
एका झोपलेल्या ड्रायव्हरच्या लोंबत्या पायाजवळून
चालीचालीने पुढे सरकते.