दुखण्याचा टंच

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"राजमतीताई, मान तिकडं करा.
हासळीच्या हाडावर जरा गार लागेल."

हासळी.
आमच्या हुपरीत ती चांदीची असते,
आता कुणी घालत नाही, वितळायलाच येते.
माझ्या अंगातही एक आहे
हे बावन्नाव्या वर्षी कळलं.

पडद्यावर करडं काहीतरी हललं.
राखेत पडलेली कडी मी शोधते
तशा बाई सुईनं शोधत होत्या, श्वास धरून.
"हा द्राक्षांचा घड दिसतोय ना? ह्या तुमच्या नसा."
घडाभोवती औषध सोडलं.

मग हात गेला.
म्हणजे होता तिथंच.
डाव्या हातानं उचलून बघितला तर जड, कोमट,
लग्नात कुणाचं तरी झोपलेलं पोर
आपल्या मांडीवर दिल्यासारखा.

हिरव्या कापडापलीकडं ड्रिल चाललं.
आवाज ओळखीचा, म्हणून विचारलं,
"किती स्क्रू?"
"सात. आणि एक पट्टी."
"आणि डाख?"
बाई हसल्या. "डाख हाड आपला आपण देतं, ताई.
सहा आठवडे लागतात."

(रेंदाळच्या वळणावर उसाच्या चिपाडावरून
लेकाची गाडी घसरली तेव्हा
एका हातात पैंजणांची पिशवी होती.
ती सोडली नाही.
म्हणून रस्त्याला टेकला तो एकच हात.)

संध्याकाळी बाई पुन्हा आल्या.
"आठला ही गोळी घ्यायची. दुखत नसलं तरी.
भूल उतरली की दुखणं एकदम येतं,
त्याच्या आधी गोळी पोटात पाहिजे."
मी मान हलवली.
गोळी उशीखाली ठेवली.
आधी काम, मग मजुरी.
उचल घेऊन माझ्या नवऱ्याचं काय झालं
ते मी बघितलंय;
न आलेल्या दुखण्यावर मी गोळी घेऊ?

रात्री पावणेतीनला अंगठ्यात मुंग्या आल्या.
बरं वाटलं. म्हटलं,
चला, माझा अंगठा घरी निघाला.
त्याच्यामागून सात स्क्रू आले.
एकेक. आपापलं नाव सांगत.

घंटा दाबली.
सिस्टर आली, सोनुले नावाची, झोपेतून उठलेली.
"मावशी, दहापैकी किती दुखतंय?"
"सत्तर टंच."
"दहातलं सांगा."
"दहात बसत नाही गं."

तिनं हात दोन उशांवर ठेवला, छातीपेक्षा उंच.
सलाईनच्या नळीतून इंजेक्शन दिलं.
उशी सारताना गोळी सापडली तिला.
रागावली नाही.
"आमची आईपण अशीच. वाचवून ठेवते.
कुणासाठी, देव जाणे."

ते इंजेक्शन चढेपर्यंत मी मोजत होते.
फुंकणीच्या ज्योतीचे चटके,
सवागीनं फुटलेली बोटं,
दोन बाळंतपणं, त्यातलं एक उताणं.
काय झालं, हे विचारलं लोकांनी.
कुठं झालं, तेही विचारलं.
किती,
हे कुणी विचारलं नव्हतं.
तीस वर्षं दुसऱ्याच्या चांदीचा टंच ऐकत आले,
ह्याचा कधी काढलाच नाही.

सकाळी लेक डबा घेऊन आला.
"आई, दुखतंय?"
घड्याळात आठ वाजत होते.
मनगटात कुणीतरी बसलं होतं, पण गप्प.
"अजून नाही," म्हटलं,
आणि गोळी घेतली,
डाव्या हातानं, अर्धं पाणी पदरावर सांडत.
जन्मातली पहिली उचल.
लाज वाटली थोडी.

खाली गल्लीतून एक पोरगी पैंजण वाजवत गेली.
डाव्या पायातलं एक घुंगरू कच्चं आहे,
आठवडाभरात पडेल.
खिडकीतून हाक मारून सांगावं
असं वाटलं;
तोवर ती कोपऱ्यावर वळली होती.