जीली

पुडीवर दोन चिनी अक्षरं
आणि खाली माझ्या हातची देवनागरी: जीली.
लान्चौच्या दवाखान्यात हान बाई
खणांच्या भिंतीतला एक खण ओढायच्या,
मूठभर तराजूत ओतून म्हणायच्या,
डोळ्यांसाठी. वारं शमवतं.
कुठलं वारं, ते सहा वर्षांत मला नीट कळलं नाही.

पुडी आईसाठी आणली होती.
तीस वर्षं विड्या वळल्यात तिनं,
तंबाखूची धूळ पापण्यांच्या मुळाशी बसलीय,
कात्री आता नजरेनं नाही, सवयीनं चालते.
बरं वाटतं की नाही, ते बोलली नाही.
संपली, एवढंच म्हणाली.

मंगळवार पेठेत कोठारींनी पोत्यात हात घातला:
"गोखरू ना? हे घ्या."
चौकोनी, जाड, शेंड्याकडं निमुळतं.
रात्री पेल्यात भिजत टाकलं,
सकाळी पाणी बुळबुळीत, भेंडीसारखं तार धरणारं.
हे मोठं गोखरू. भाऊबंद म्हणावं
तर तेही नाही, नुसतं नावाचं सारखेपण.

कॉलेजात म्याकल मॅडमनी कपाट उघडलं,
डांबरगोळ्यांचा वास, पिवळा कागद,
त्यावर चिकटवलेली वेल
आणि फळाच्या जागी किड्यानं पाडलेलं भोक.
"पानं समोरासमोर बघ,
जोडीतलं एक मोठं, एक लहान.
फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, दुपारी मिटतं.
फळ फुटलं की पाच तुकडे,
एकेक तुकडा म्हणजे शिंगांसकट बैलाचं तोंड."
मी लिहून घेतलं.
बैलाच्या तोंडाला दोनदा अधोरेखित केलं.

तीन रविवार हिंडले.
हिप्परग्याच्या तळ्याकाठी, देगावच्या बांधावर,
खाली मान घालून,
काहीतरी हरवल्यासारखी.

चौथ्या रविवारी अक्कलकोट रोडला स्कूटी बसली.
सैफन मुजावरनं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली,
बुडबुडे आले तिथं खूण केली,
चिमट्यानं टायरमधून काहीतरी उपसलं
आणि चुन्याच्या डबीत टाकलं. टिक्.
"दाखवा बघू ते."
"हे? सराटा हाय की, ताई."
डबीत दीडशे तरी बैलांची तोंडं होती,
काहींची शिंगं मोडलेली, काहींना काळं रबर चिकटलेलं.
"काय हुडकलालाव मग?"
मी सांगितलं. चीन, डोळे, वारं, सगळं.
तो हसला नाही. हात पुसत म्हणाला,
"इथलं नका घेऊ. कारखान्याचं रंगाचं पाणी पितंय हे.
दवाच करायची तर कुंभारीच्या माळावर जावा.
अनवाणी गेलाव तर लगेच घावतंय."

कुंभारी. म्हणजे आमच्या घरकुलामागं,
जिथं आईचं धुणं वाळतं.

मुरमाला पोट लावून ती पसरली होती,
फुलं मिटायच्या बेतात,
मोठं पान, लहान पान, मोठं, लहान.
मी वहीशी ताडून पाहत होते,
तेवढ्यात आई बादली घेऊन मागं आली.
"पल्लेरु," ती म्हणाली.
तेलुगूत, जसं घरातल्या माणसाला हाक मारतात.
"तुझ्या तळव्यातनं किती काढलीत सुईनं.
त्यासाठी चीनला गेलीस होय गं?"

मंद आचेवर परतली, पिवळसर होईस्तो.
विड्यांच्याच सुपात आईनं ती रगडली,
काटे पाखडून उडवले.
पाखडताना डोळे मिटून घेतले तिनं.
मग विचारलं,
"तिथल्या माणसांच्या पायात नाही रुतत?"

मला आठवत राहिलं,
दवाखान्यामागं सायकलींची रांग असायची
आणि भिंतीला टेकून, पंप घेऊन बसलेला एक म्हातारा.
त्याच्याजवळही एक डबी होती.
आत काय, ते मी कधी विचारलं नाही.