शून्य लांबीची वाट

त्या हिवाळ्यात कुताइसीच्या शाळेत वीज नव्हती.
वर्गाच्या मधोमध रॉकेलची शेगडी,
आणि अर्धे बाक नव्या मुलांचे,
सोखुमीहून बर्फातून आलेल्या.
कोणाच्या पायात बापाचे बूट.

गुरांदाबाईंनी हातमोज्यात खडू धरून
फळ्यावर दोन टिंबं काढली.
हे सोखुमी. हे आपण.
मागच्या बाकावरून एकजण उठला, मध्ये रेघ ओढली,
झालं, जोडली.

"नाही झालं.
रेघेला तोंड नसतं. ती नुसती सांगते, यांचं त्यांचं काहीतरी आहे.
निघालं कोण, पोचलं कुठे?
बाण काढ."
त्याने टोक काढलं.
"हा कोणाचा?"
सगळ्यांचा.
"सगळ्यांचा बाण नसतो रे."

मग एकेक उठत गेलं.
इआमझे : चुबेरीची खिंड, सहा दिवस, गाढव वाटेत मेलं.
बोंदो : जहाज, आणि उलट्या.
त्सियाला काही बोलली नाही, बाण मात्र सावकाश काढला,
मध्ये एका जागी खडू मोडेपर्यंत दाबून.

टिंबं तीच दोन. त्यांच्यामध्ये तेवीस बाण.
बाईंनी एकाला दुसऱ्यात मिसळू दिलं नाही,
प्रत्येकाच्या पोटाशी वेगळं अक्षर लिहिलं.
उलटा एकही नव्हता.

परत गेलो तर?
"तर तो चोविसावा.
पण जाणं आणि येणं मिळून शून्य, हा वाण्याचा हिशेब इथे चालत नाही.
दोन वाटा चाललात, तर दोन वाटा चाललात.
पाय टेकाल ते टिंब तेच असेल.
न निघाल्यासारखं काहीच नसेल."

तेव्हा एलगुजा म्हणाला,
माझे वडील निघालेच नाहीत.
घर सोडणार नाही म्हणाले.
त्यांना फळ्यावर कुठे घालू?

शेगडी फुरफुरली.
बाईंनी डस्टर उचललं, परत ठेवलं.

"जागचं न हलणाऱ्याचीही एक वाट असते.
लांबी शून्य. काढून दाखवता येत नाही,
पण धरावी लागते,
नाहीतर बाकीच्यांचं गणित उभं राहत नाही.
कुठलीही वाट तिथून सुरू कर,
आधी ती असतेच,
आणि कोणाच्या वाटेत एका पावलाचीही भर घालत नाही."

एलगुजा फळ्याशी गेला.
सोखुमीच्या टिंबावर बोट ठेवून उभा राहिला.
बोट उचललं तेव्हा टिंब जरा पुसट झालं होतं,
उरलेलं बोटावर.

आता तो बीलेफेल्डला शिकवतो.
तिथे असल्या आकृतीला भाता म्हणतात,
बाणांचा, लोहाराचा नव्हे,
जरी दर वर्षी पहिल्या तासाला
छातीत तो दुसराही हलतो.
फळ्यावर दोन टिंबं काढतो,
आणि पहिल्या बाणाआधी
एकावर बोट टेकवून थांबतो.

मुलांना वाटतं, सर विसरले.