काटा क्रमांक दोन

लॉग म्हणतो, जोडणी तुटली.
क्लायंट निघून गेला.
२:१४, २:३१, परत ३:०२.
एकाच यंत्राचा पत्ता, शेवटी सतरा.

अर्जुनी-मोरगावची राइस मिल.
केबल बदलली, स्विच झटकला,
उंदरांनी कुरतडली असेल म्हणून
कोंड्यात हात घालून वायर चाचपली.
वायर शाबूत. मला कोपरापर्यंत खाज.

शेवटी त्या सतराजवळच जाऊन बसले.
काट्यावर नामाजी लांजेवार.
ट्रॅक्टर चढला, त्यांनी गाडी नंबर टाकला
आणि स्क्रीन तशीच सोडून उठले
पोती मोजायला. उजवा पाय ओढत
मागच्या फाळक्यापर्यंत,
तिथून परत.

मी घड्याळ लावलं. एक्केचाळीस सेकंद.
आमचा सर्व्हर थांबतो तीस.

"मी कोठी गेलो होतो जी? अठीच तं होतो."

सेटिंगच्या ओळीत तीसचे नव्वद केले.
सेवा बंद, सेवा सुरू.
जुन्या नोंदी मात्र तशाच,
क्लायंट निघून गेला, क्लायंट निघून गेला,
धान आल्यापासून रोज.

नामाजी तळहातावर खर्रा घोटत विचारतात,
"एवडी कोनती घाई आहे जी
तुमच्या कंप्युटरले?"