निवळी

रविवारी हेल्वे बापाकडे जाते तेव्हा
पिशवीत रायचा काळा पाव, खारवलेले मासे
आणि या खेपेला एक बाटली:
राखेच्या टेकडीखालचं पाणी,
चारदा गाळलेलं.

कोह्तला-यार्वेला डोंगर नाहीत.
दिसतात ते माणसांनी ओतलेले.
इथं दगड जाळतात,
त्या दगडाचं इथल्या भाषेतलं नावच जळता दगड.
एन्देलनं एकतीस वर्षं ओतली,
बॉयलरच्या तोंडाशी, भुवया करपवून.

तालिनच्या प्रयोगशाळेत
ती याच पाण्यातून धूर सोडते.
पाणी दुधाळ होतं, आणि मग खरी कटकट.
कण इतके बारीक की धड विरघळत नाहीत, धड बसत नाहीत.
सगळ्यांच्या अंगावर एकाच जातीचा भार,
म्हणून एकमेकांना टाळत
तरंगत राहतात.
कलिल म्हणतात याला.
तिला हवंय त्यांनी खाली बसावं,
पुन्हा दगड व्हावं.
तीन वर्षं ती फक्त मीठ बदलतेय,
चिमूट इकडे, चिमूट तिकडे.
मार्चमध्ये नळ्याच तुंबल्या.
अहवालात तिनं लिहिलं, प्रगती समाधानकारक.

जेवताना गुडघा, हवामान, शेजारणीचं कुत्रं.
धुराचा विषय या टेबलावर निघत नाही.
धुरानंच तिची फी भरली होती.

"फुंका," तिनं नळी पुढे केली. "ओढू नका, तोंड भाजेल."
तो फुंकला. खोकला. पुन्हा फुंकला.
आधी काहीच नाही,
मग बाटलीत धुकं उतरलं.
"हे माझ्यातलं?"
"तुमच्यातलं."
"आणि चिमणीतलं?"
तिनं आकडा सांगितला.
त्यानं नळी टेबलावर ठेवली.
"एवढा श्वास माझ्याकडे नाही, पोरी."

मग उठून जुना टॉर्च आणला,
बाटलीतून आरपार मारला.
उजेडाची वाट दिसली, पांढरी, काठीसारखी सरळ.
यासाठी तिच्याकडे एक यंत्र आहे,
एका फ्लॅटच्या किमतीचं.
ती बोलली नाही.

सोमवारी पावणेसहाची बस.
खिडकीत बाटली: तळाशी नखाएवढा पांढरा थर,
वर नितळ निवळी.
तिनं वहीत वेळ लिहिली.
मोजे घालून तो मागून आला,
बाटली उचलली आणि
हलवली.
सगळं पुन्हा गढूळ.

"झालं नव्हतं अजून," म्हणाला.

तिनं वेळ खोडली.
बसचे दिवे वळणावर दिसले.