सिरपचा वास

पावणेसातला अंबडच्या कंपनीची बस
सिडकोच्या कोपऱ्यावर दोनदा हॉर्न देते,
तेव्हा हर्षाली शेवाळे मूल माझ्या हातात देते
चप्पल न काढताच.
आज त्याचे केस ओले, भांग नीट,
स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत
आणि तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास.

बावीस वर्षं पाळणाघर चालवते मी.
हा वास मला कळतो,
जसं बागेच्या बांधावरून जाणाऱ्याला कळतं
फवारणी कालची की आजची.
तापाचं औषध. सहाला पाजलेलं.
अकरापर्यंत पुरेल.

मी काही बोलले नाही.
बस वळत होती.

दारावर माझ्याच अक्षरात कागद आहे:
ताप, जुलाब, अंगावर पुरळ असल्यास मूल आणू नये.
खाली छबूने पेनने जोडलंय: कृपया.

अकराला ताप आला, वेळ पाळणाऱ्या पाहुण्यासारखा.
एकशे एकच्या वर.
तन्वेशने वरणभात थुंकला,
तोंड उघडायला तयार होईना.
मग मी जीभ बाहेर काढून वाघ झाले,
तोही झाला वाघ,
आणि आत टाळूला लाल ठिपके.
तळव्यांवर चार, टाचेपाशी दोन,
बाग नुकती सेट झाल्यावर दिसतात
तसे बारके मणी.

फोन लावला. वाजत राहिला
तिच्या लॉकरमध्ये, डब्याशेजारी.
मशीनवर फोन नेऊ देत नाहीत.

आतल्या खोलीत गादी घातली.
छबूने वाटी-चमचा वेगळा काढला.
दार मी लोटलं, रडू नये म्हणून फट ठेवली.
फटीतून जुनैदने त्याला द्राक्ष दिलं,
अर्धं चावलेलं.
मी पोचेपर्यंत त्यातलं अर्धं परत आलं होतं
आणि जुनैदच्या गालात होतं.

दुपारी ब्लीचच्या पाण्यात
ठोकळे, गाड्या, प्लॅस्टिकची वांगी बुडवली.
कापडी हत्ती राहिला.
तो धुतला की ओवी झोपत नाही.
धुतला.
ओवी झोपली नाही.

ग्रुपवर लिहिलं: एका मुलाच्या हाता-पायाला, तोंडात
फोड दिसतायत. साथीचं आहे.
आठवडाभर बंद. आपापल्या मुलांचे तळहात बघा.
लगेच टिंग. टिंग.
कोणाला?
नाव सांगा ना ताई.
असल्या लोकांची मुलं ठेवताच कशाला?
हे तिसरं जिनं विचारलं
तिची मुलगी गेल्या जुलैत डोळे आलेले असताना
काजळ घालून आली होती.
मी लिहिलं. खोडलं.
परत लिहिलं: नाव नाही सांगणार.

पावणेचारला हर्षाली आली. हातांना ऑइल.
दूरच उभी राहिली.
"मला वाटलं, दात येत असतील."
तीन वर्षांचा आहे तन्वेश. वीसच्या वीस दात आहेत त्याला.
मी म्हटलं, "हो, कधीकधी उशिरा येतात."
मग ती पायरीवरच बसली.
म्हणाली, या महिन्यात तीन खाडे झालेत,
चौथ्याला नाव कमी करतात.
मी तिला पाणी दिलं.
आणि पेला लगेच घासायला टाकला,
तिच्या देखतच.
त्याचं वाईट वाटतंय अजून.

पाचव्या दिवशी जुनैदच्या अम्मीने फोटो पाठवला:
एक छोटा तळहात, त्यावर ठिपके.
बाकी काही लिहिलं नव्हतं.

गच्चीवर ठोकळे परत वाळत घातलेत.
प्रत्येकावर दातांच्या खुणा,
कुठली कोणाची, सांगता येत नाही.
समोर पांडवलेण्यांचा डोंगर, फेब्रुवारीचं कोरडं ऊन.
छबू खालून विचारते, ताई, उद्या उघडायचं ना?
सकाळपासून माझा उजवा तळवा चुरचुरतोय.
मी मूठ मिटून बसलेय.